कन्नडच्या घाटापासून तुळजापूरच्या घाटापर्यंत

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, बीड डेपोला, एकतीस वर्षं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी घरातलं कुणी कुठं निघालं की त्यांचा पहिला प्रश्न अजून तोच, "कोणत्या रोडनं चाल्लास?" आणि आमच्याकडं रोड म्हणजे एकच, धुळे-सोलापूर. नकाशावर त्याचा नंबर आधी २११ होता, मग नव्या नंबरात ५२ झाला, पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकात अंकोल्यापर्यंत जातो म्हणे हा ५२, पण आमच्यासाठी तो कन्नडच्या घाटात सुरू होतो आणि तुळजापूरच्या घाटात संपतो. म्हणजे मराठवाडा सुरू होतो तिथं सुरू आणि मराठवाडा संपतो तिथं संपला.

दिवाळीत अण्णा एकदम म्हणाले की मी हा रोड कधी पूर्ण चालवलाच नाही. मला कळेचना, म्हटलं अहो तुमचा जन्म गेला या रोडवर. तर म्हणाले, "कधी बीड-धुळे, कधी बीड-सोलापूर. बीडला आलं की ड्यूटी तुटायची. एका दमात वरून खालपर्यंत कधीच नाही." हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. आत्या चाळीसगावला असते, भाऊबीजेला जायचंच होतं, मग ठरलं, भाऊबीज करायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून घाट चढायचा तो थेट सोलापूरच्या हद्दीपर्यंत. गाडी मी चालवायची. शेजारी अण्णा.

कन्नडच्या घाटाचं सरकारी नाव औट्रम घाट. जेम्स औट्रम म्हणून इंग्रज अधिकारी होता, खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली त्यानं, त्याचं नाव घाटाला आणि आता गौताळा औट्रमघाट म्हणून अभयारण्यालाही. खाली चाळीसगाव, तिथून जवळच पाटणादेवी, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि मग एकदम समोर डोंगराची भिंतच उभी राहते. पहाटे पावणेसहाला आम्ही चढायला लागलो तेव्हा घाटात धुकं होतं आणि रस्ता जवळपास मोकळा होता, कारण २०२३ साली हायकोर्टाच्या आदेशानं इथून जड वाहनं बंद झाली आणि ट्रकवाल्यांना शिऊर बंगला-नांदगाव असा वळसा घालायची वेळ आली. त्याआधी हा घाट म्हणजे काय होता ते ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत, सात-सात आठ-आठ तास लोक अडकून पडायचे. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी तर एका रात्री पावसानं दरडीच कोसळल्या. बोगद्याची मागणी किती वर्षांपासून चाललीय. मला वाटतं मराठवाड्याच्या बाकी सगळ्या रस्त्याला जेवढे पैसे लागले तेवढी आस्था या दारात दाखवली असती तर खानदेश आणि आपण आज जास्त जवळ असतो.

अण्णा पूर्ण घाटभर एक शब्द बोलले नाहीत, फक्त एका वळणाला त्यांचा डावा पाय आपोआप हलला, क्लच दाबल्यासारखा. वर आल्यावर म्हणाले, "ज्या गियरात चढला त्याच गियरात उतरायचं असतं. उतारावर न्यूट्रल केली की गाडी तुझी राहत नाही." नव्या ड्रायव्हरांना ते हे एकच वाक्य शिकवायचे.

वर आलं की हवाच बदलते. खाली खानदेशात केळी-कापूस आणि वर कन्नडच्या पट्ट्यात मका, अद्रक, मग कापूस. आम्ही मुद्दाम नव्या फोरवेनं न जाता जुन्या रोडनं वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद असे आलो. नवीन रस्ता तेलवाडीहून करोडीकडं निघतो, मस्त आहे, पण त्यात दौलताबादचा दरवाजा लागत नाही. जुना रोड किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून जायचा. खरंच दरवाजातून, कमानीखालून, एका वेळी एकच गाडी. अण्णांनी तिथं गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरून कमानीच्या दगडांवर हात फिरवला. बाजूच्या दगडांवर घासल्याच्या खुणा आहेत, लोखंडाच्या, रंगाच्या. म्हणाले आरसा मिटून घ्यायचो आणि कंडक्टर खाली उतरून हात दाखवायचा, चार बोटं इकडं चार बोटं तिकडं. महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून राजधानी इथं आणली तेव्हा माणसं ज्या वाटेनं आली असतील ती वाट म्हणजे याच बाजूची कुठंतरी असणार, असं माझ्या मनात आलं आणि अण्णा मात्र अजून त्या चार बोटांतच होते.

छत्रपती संभाजीनगर शहराबद्दल काय सांगायचं, बायपासनं सोडलं. पाट्यांवर २०२३ पासून नवी नावं आलीत, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव. अण्णांच्या तोंडात अजून औरंगाबाद आणि उस्मानाबादच येतं कारण आयुष्यभर ते बोर्डवर तेच लावून फिरले.

पुढं आडूळ, पाचोड. पाचोडला मोसंबी. मग जालना जिल्ह्याचा एक छोटासा तुकडा लागतो, आणि शहागडला गोदावरी. हा पूल म्हणजे या रोडचं पोट आहे असं मला कायम वाटतं. वरच्या अंगाला पैठण, जायकवाडी, लाल बहादूर शास्त्रींनी १९६५ ला पाया घातला आणि १९७६ ला इंदिरा गांधींच्या हातून लोकार्पण झालं, सगळ्या मराठवाड्याची नजर उन्हाळ्यात त्या एका धरणाच्या आकड्यावर असते. पुलावर आलं की बसमधल्या बाया नाणं काढून पाण्यात टाकायच्या, मी लहानपणी आईच्या मांडीवर उभा राहून खिडकीतून टाकलेलं आठवतंय आणि नाणं पाण्यात पडलं की कठड्यावर आदळलं हे कधीच कळायचं नाही. यंदा पाणी होतं. दोन्ही काठ भरलेले. अण्णांनी खिशातून दहा रुपयांचं नाणं काढलं, पण आता फोरवेच्या पुलावर गाडी थांबवता येत नाही आणि काच खाली करेपर्यंत पूल संपला. नाणं परत खिशात.

गेवराई, गढी, पाडळसिंगीचा टोलनाका, बीड. बीडजवळ बिंदुसरा. १९८९ च्या जुलैमध्ये या नदीला पूर आला होता तेव्हा बीडमध्ये किती माणसं वाहून गेली, आमच्या घरात अजून त्या पुराच्या आधीचं आणि नंतरचं असं वर्ष मोजतात. शहर सोडून सोलापूरकडं निघालं की रस्त्यालगतच खजिना विहीर. अहमदनगरच्या निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली, जमिनीखालून नहरी काढून शिवारात पाणी नेलेलं. चारशे वर्षांपूर्वी इथल्या माणसाला पाण्याची किती कदर होती ते बघायचं असेल तर गाडी तिथं पाच मिनिटं थांबवाच, हायवेवरून दीडशेच्या स्पीडनं जाणाऱ्याला ती दिसतसुद्धा नाही.

बालाघाट इथं सुरू होतो. मांजरसुंब्याचा घाट चढला की डोंगरउतारावर सगळी सीताफळं. मांजरसुंबा हा चौक आहे, इकडून पाटोदा-जामखेड, तिकडून केज-अंबाजोगाई, आणि मध्ये आपला रोड. इथली रबडी लोक लांबून येऊन खातात. जवळच कपिलधार, मन्मथ स्वामींची समाधी, कार्तिकी पौर्णिमेला लिंगायत समाजाची मोठी यात्रा भरते, कर्नाटक-तेलंगणातून पायी दिंड्या येतात. अण्णांची एसटी इथं दहा मिनिटं थांबायची, आणि हे खरं सांगतो, आम्हा भावंडांसाठी मांजरसुंबा म्हणजे अण्णा रात्री दोन वाजता घरी आले की पिशवीतून निघणारा द्रोण.

आमचं मूळ गाव इथून पुढं, चौसाळ्याच्या बाजूला. आणि इथं मला आजीबद्दल लिहायचंय.

७२ च्या दुष्काळात आजीनं रोडच्या कामावर खडी फोडली. आमच्या भागातल्या कोणत्याही घरात जा, त्या वयाची बाई असेल तर तिनं खडी फोडलेली असते किंवा पाझर तलावावर माती वाहिलेली असते. सकाळी मस्टरवर हजेरी, डोक्यावर फडकं, हातात घण नाहीतर हातोडी, आणि दुपारी सुकडी. लाल मिलोची भाकरी. अमेरिकेतून आलेली ज्वारी ती, तिला ना चव ना चिकटपणा, भाकरी थापताना तुटायची. आजी सांगायची की बोटांना चिंध्या बांधून खडी फोडायचो, आणि दगड कुठं मारला की फुटतो ते पहिल्या आठवड्यातच कळतं, त्याची शीर बघायची असते. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट शेवटपर्यंत सरळ झालं नाही. मी तिच्या ताटात वाढायला बसायचो तेव्हा ते बोट बघायचो. पुढं या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला, देशभरात नंतर जे आलं ते इथल्या या बायांच्या हातावरून आलं, हे आपण आपल्या पोरांना सांगतो का?

चौसाळ्याच्या अलीकडं एका ठिकाणी जुना रोड फोरवेच्या बाजूला वेगळा निघतो, दोन-अडीच किलोमीटर, आता त्यावर फक्त बैलगाड्या आणि शाळेची पोरं. आम्ही त्यावर गाडी घातली. डांबर उखडून खालची खडी वर आलीय, काळी, हाताच्या मुठीएवढी, आणि तिच्या कडा अजून शाबूत. अण्णा खाली बसले आणि एक उचलून बघितली. ही आजीनं फोडलेली आहे असं काही नाही, तिचं काम आतल्या फाट्याच्या रस्त्यावर होतं. तरी त्यांनी ती गाडीत घेतली. डॅशबोर्डवर आहे अजून.

फोरवे वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आधी बीडहून पेशंट सोलापूरला न्यायचा म्हणजे काळजाचं पाणी व्हायचं, सिंगल रोड, समोरून उसाचे ट्रॅक्टर, आता दोन-अडीच तासात पोचतो माणूस. माझ्या मोठ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण ज्या रात्री अडलं होतं त्या रात्री हा रस्ता असता तर, हा विचार आईच्या मनातून कधी गेला नाही. पण एक झालं, की रोड आधी गावातून जायचा, आता गावाच्या बाजूनं जातो. चौसाळा, पारगाव, येरमाळा, प्रत्येक गावाचा एक स्टँड होता, चहाची टपरी, पंक्चरवाला, वडाखाली बसलेली म्हातारी माणसं, त्यांना कोण आलं कोण गेलं सगळं माहीत. ती झाडं रुंदीकरणात गेली. वड, चिंच, कडुनिंब, काही काही तर निजामाच्या काळातले होते असं लोक सांगायचे. मध्ये डिव्हायडरवर आता कण्हेर आहे. कण्हेरीच्या सावलीत कोण बसणार.

निजामाचं निघालं म्हणून सांगतो. पणजोबा येरमाळ्यावरून बार्शीच्या बाजाराला जायचे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि आपण निजामाच्या, मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे कस्टम. इकडं निजामाचा हाली सिक्का आणि तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया. माल विकायचा, जकात द्यायची, पैसे बदलून घ्यायचे, तिथंही बट्टा जायचा. १५ ऑगस्ट १९४७ ला बार्शीत झेंडा लागला आणि वीस-पंचवीस किलोमीटर अलीकडं येरमाळ्यात नाही लागला, तिथल्या माणसाला त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. तेरा महिने. त्या तेरा महिन्यांत सरहद्दीवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते, पोरं रात्री येऊन करोडगिरीचे नाके जाळून परत जायची, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं अख्खी गावं उठून सोलापूर जिल्ह्यात राहायला गेली. आता ती हद्द कुठं होती ते दाखवायला एक दगडसुद्धा नाही, आणि मला वाटतं एक दगड तरी असायला पाहिजे.

सरमकुंडी फाट्याला पेढा घेतला, खव्याच्या भट्ट्यांचा वास रोडपर्यंत येतो. तेरखेड्याला फटाक्यांची दुकानं दिवाळी झाल्यामुळं सुनी सुनी, बोर्ड मात्र तेवढेच मोठे. येरमाळ्याला येडेश्वरीला हात जोडले, चैत्र पौर्णिमेला इथं लाखो लोक चुनखडीचे खडे वेचायला येतात. येडशीला रामलिंग, घाटातली झाडी अजून टिकून आहे आणि माकडंही. येडशीवरून एकेकाळी बार्शी लाईटची छोटी रेल्वे जायची, लातूर-मिरज, अडीच फुटांचा रूळ. अण्णा म्हणाले की गाडी इतकी हळू असायची की पोरं चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून परत चढायची. हे प्रत्येक जण सांगतो त्या गाडीबद्दल, पण अण्णांनी स्वतः केलंय.

धाराशिव बाजूला ठेवून तुळजापूर. दर्शनाला भरपूर गर्दी होती, मुखदर्शन घेतलं. या शेवटच्या टप्प्याबद्दल एक गोष्ट अशी की कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रोड गाड्यांना बंद करतात आणि तो पूर्ण माणसांचा होतो, सोलापूरकडून, कर्नाटकातून लाखो लोक रात्रभर चालत येतात, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कॉलेजात असताना मी एकदा चाललोय. रात्री तीन वाजता घाटाच्या पायथ्याशी पोचलो, वर बघितलं तर वळणावळणानं नुसते मोबाईलचे आणि बॅटऱ्यांचे उजेड हलतायत आणि "आई राजा उदो उदो" एका वळणावरून सुरू होऊन दुसऱ्या वळणावर जातंय. हायवे म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं असं मी म्हणेन, पायाखाली डांबर अजून गरम होतं दिवसाचं.

घाट उतरलो. ज्या गियरात चढतो त्याच गियरात. तामलवाडीचा टोलनाका ओलांडून थोडं पुढं हद्द संपते. तिथं रोडच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, मागं दोन ट्रॉल्या, ऊसतोडीची टोळी. पंक्चर काढणं चाललं होतं. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, ज्वारीची पोती, पाण्याचे कॅन, खुराड्यात कोंबड्या, एक शेळी, आणि त्या सगळ्यावर पोरं झोपलेली. अण्णांनी काच खाली केली आणि ओरडले, "गाव कोणतं?" तर आमच्या शेजारचं निघालं. मग काय, उतरलोच.

दरवर्षी दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसं या रोडनं खाली जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला, आणि उन्हाळ्यात परत येतात. दौलताबादच्या कमानीबद्दल, खजिना विहिरीबद्दल आपण लिहितो बोलतो, पण या रोडवरून सगळ्यात जास्त वेळा कोण गेलं असेल तर ही माणसं. माझ्या वर्गात बेचाळीस पोरं होती, दिवाळीनंतर सव्वीस राहायची.

साडीवर नवऱ्याचा शर्ट घातलेली एक बाई पुढं आली, पंचविशीची असेल, आणि अण्णांना म्हणाली, "मामा, तुम्ही माघारी आमच्याकडंच जाणार का?" हो म्हटलं. तिनं पेटी उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशन कार्ड काढलं. गडबडीत सोबतच आलं होतं, घरी सासू एकटी, धान्य उचलायला लागेल तिला. "देता का तेवढं नेऊन? लई उपकार होतील." अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, जिथं ते आधी ड्यूटीचे कागद ठेवायचे.

सोलापूरपर्यंत जायचं राहिलं. तिथूनच यू टर्न मारला.

रात्री साडेनऊला त्या गावचा फाटा. फोरवेवरून उतरायची जागा अंधारात मला सापडेना, एकदा चुकून पुढं गेलो, मग अण्णांनी खालच्या पुलाखालून जुन्या रोडला घातली गाडी, लाईट नाही, पाटी नाही, फक्त ते "डावीकडं, आता सरळ, आता हळू, इथं खड्डा होता" असं सांगत होते आणि खड्डा खरंच होता. म्हातारी दारातच बसली होती, गल्लीतली निम्मी घरं कुलपात. तिनं कार्ड घेतलं, दिव्याजवळ नेऊन पहिलं पान उघडून बघितलं, डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून लावलं.

मग विचारलं, "घाट उतरले का ते?"

अण्णा म्हणाले, "उतरले. मी बघितलं."